स्कोप किती उंच? आधी मानेला विचारा

'स्कोप जितका नळीला चिकटून, तितका नेम पक्का.' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विशीत होते. आजही कुणी नवा स्कोप घेऊन रेंजवर आलं की एखादा जुना जाणता माणूस त्याला हेच सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि बंदुकीच्या एका विशिष्ट वापरात ते खरंही आहे. पण तो एक नियम सगळ्या प्रकारांना सरसकट लावल्यामुळे किती माना आखडल्या आणि किती गुणी मुलांनी 'मला हे जमत नाही' म्हणून रायफल खाली ठेवली, हे मी पाहत आले आहे. माझी मान आणि उजवा हातही त्यातून गेले आहेत.

हा नियम शिकारीच्या रायफलीतून आला. जुन्या शिकारी रायफलीचा दस्ता मागे उतरता असायचा. त्यावर गाल टेकला की डोळा बरोबर उघड्या साइटच्या रेषेत यायचा. पुढे त्याच रायफलींवर स्कोप बसू लागले. दस्ता तोच राहिला, मग स्कोप जितका खाली येईल तितका गाल दस्त्यावर टिकायचा आणि खांद्यावर घेताच नेम लागायचा. अशी रायफल घेऊन माणूस दिवसभर चालतो आणि गोळी फार तर एक-दोन वेळा झाडतो. तिथे खालचा स्कोप योग्यच. रेंजवर मात्र तास-दीड तास एकाच शरीरस्थितीत राहून साठ गोळ्या झाडायच्या असतात. दहा मीटर एअर रायफलच्या सामन्यात 60 शॉटला 75 मिनिटं मिळतात आणि त्याआधी तयारीची व साइटर म्हणजे चाचणीच्या गोळ्यांची 15 मिनिटं असतात. एवढा वेळ डोकं कसं धरलं आहे, हाच तिथे खरा प्रश्न असतो.

पुण्यात मी पीप साइटवर तयार झाले: उभ्याने एअर रायफल आणि पुढे क्लबच्या .22 वर प्रोन, म्हणजे पालथं झोपून. स्कोपचा संबंध फक्त टार्गेटवरची भोकं पाहण्यापुरता. ऑलिंपिकमधल्या 10 मीटर आणि 50 मीटर रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची पीप, पुढे नळकांड्यात गोल रिंग, आणि त्या रिंगेत काळं वर्तुळ मधोमध. आमचे सर पहिले काही महिने गोळी झाडूच द्यायचे नाहीत. उभं राहायचं, रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साइट टार्गेटच्या डावीकडे दिसली तर हाताने रायफल ओढायची नाही, पाय सरकवायचे. ही शरीराची नैसर्गिक रोखाची दिशा. ती सापडली की स्नायूंना रायफल धरून ठेवण्यापलीकडे काम उरत नाही. मानेबद्दलही सरांची तीच शिस्त होती, 'डोकं सरळ, रायफल डोक्याकडे.' तेव्हा ते इतकं अंगवळणी पडलं की त्यामागचं कारण विचारायची गरजच वाटली नाही.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं इंग्लंडमध्ये, मिडलँड्समध्ये होतो. तिथे बारा फूट-पाउंडांखालच्या एअर रायफलला प्रौढ माणसाला परवाना लागत नाही आणि रविवारी रानात फील्ड टार्गेटचे सामने भरतात. जमिनीवर किंवा झाडावर पक्ष्या-प्राण्यांच्या आकाराचे लोखंडी पत्रे उभे करतात. प्रत्येकात एक गोल भोक, बहुधा 40 मिलिमीटरचं, काहींत 25 किंवा 15 चंही. गोळी भोकातून आत गेली तर पत्रा आडवा होतो, कडेला लागली तर उभाच राहतो. अंतरं साधारण आठ ते पंचावन्न यार्ड, आणि ती कुणी सांगत नाही, आपणच ओळखायची. बहुतेक शॉट जमिनीवर बसून, रायफल गुडघ्यावर टेकवून घ्यायचे. काही उभ्याने आणि गुडघ्यावर बसून. हा खेळ मला फार आवडला. मी एक वापरलेली रायफल घेतली. विकणाऱ्याने मोठ्या आस्थेने त्यावर सगळ्यात खालच्या रिंग्जमध्ये स्कोप बसवून दिला आणि तेच वाक्य इंग्रजीत ऐकवलं.

पहिल्या हिवाळ्यातच मानेच्या मागे, उजव्या बाजूला कळ बसू लागली. थंडीमुळे असेल म्हणून मफलर आला. मग सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात डोळ्यांसमोर धूसर व्हायचं आणि क्रॉसहेअर दोन दिसायचे. मग उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या, आणि त्या घरी आल्यावर, कणीक मळतानाही जाईनात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं की मानेतून हातात जाणाऱ्या नसेवर दाब येतो आहे. मान पुढे, खाली आणि एका बाजूला वळवून तुम्ही बराच वेळ काय करता, असं त्यांनी विचारलं. मी रायफल धरल्याची नक्कल करून दाखवली. त्यांनी माझा खांद्यापासून वरचा फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. फोटोत माझी हनुवटी जवळजवळ छातीला लागली होती आणि डोळे भुवयांखालून वर पाहत होते. पीपवर इतकी वर्षं सरळ राहिलेलं डोकं बसल्या स्थितीत स्कोपच्या शोधात खाली गेलं होतं.

क्लबमधल्या एका वयस्क सदस्यांनी बाकीचं काम केलं. सुरुवातीला त्यांनी रायफलीला हातही लावला नाही. मला आधी नुसतंच बसवलं, कोपरं गुडघ्यांवर, पाठ सैल, नजर समोर. मग म्हणाले, आता डोकं हलवू नका. त्यांनी रायफल माझ्या हातात ठेवली आणि माझा डोळा स्कोपच्या किती वर आहे ते पट्टीने मोजलं. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक होता. उंच रिंग्ज आल्या, गालाखाली वर-खाली करता येणारं चीकपीस आलं, दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकणारी बटप्लेट खाली सरकली. मुंग्या जायला बराच काळ लागला, पण क्रॉसहेअर पुढच्याच रविवारी पुन्हा एक दिसू लागले.

डोकं सरळ हवं याला सबळ कारणं आहेत, आणि ती मुलांना लहानपणीच सांगायला हवीत. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. डोकं कललं की तिथून येणारे संकेत बदलतात आणि उभ्या स्थितीत शरीराचं झुलणं वाढतं. डोळ्याचंही तसंच. समोर पाहताना डोळ्याचे स्नायू सैल असतात. कपाळाखालून वर किंवा नाकाच्या बाजूने तिरकं पाहायचं तर ते सतत ताणलेले राहतात आणि काही मिनिटांत दृष्टी थकते. चष्मा असेल तर आणखी एक भर पडते. भिंगाचा मध्य सोडून कडेतून पाहिलं की प्रतिमा विकृत होते. म्हणून नेमबाजीच्या चष्म्याची फ्रेम वेगळी असते, तिचं भिंग शूटिंगच्या स्थितीत डोळ्यासमोर सरळ आणता येतं. आपण पुस्तक वाचताना ते उचलून डोळ्यांसमोर धरतो, पुस्तकात मान खुपसत नाही. साइटही तशीच डोळ्यापर्यंत आणायची असते.

म्हणून 'योग्य उंची किती' या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही. प्रत्येक प्रकारात डोकं वेगळ्या जागी असतं.

उभ्याने दहा मीटर घ्या. डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकलेलं, पाठ मागे आणि थोडी कडेला वाकलेली, रायफल साडेपाच किलोपर्यंतची. इथे डोकं सगळ्यात सरळ राहू शकतं, म्हणून साइटही सगळ्यात वर लागते. पीप आणि पुढची साइट या दोन्हींखाली राइजर ब्लॉक घालून साइटची रेषा उचलतात. किती उचलता येईल याला नियमाची मर्यादा आहे, ती चालू नियमपुस्तकात पाहून घ्यावी. पण दोन्हीकडे सारखंच उचला. पुढची-मागची दोन्ही साइट 10 मिलिमीटर वर गेली तर गोळी त्याच नेमावर 10 मिलिमीटर खाली लागेल, म्हणजे चार रिंग. ते क्लिकने सहज भरून निघतं. फक्त मागची साइट एक मिलिमीटर उचलली, आणि दोन साइटमधलं अंतर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असलं, तर तोच एक मिलिमीटर टार्गेटवर 14 मिलिमीटर होतो. ब्लॉक बदलल्यावर पहिल्या गोळ्या टार्गेटच्या पांढऱ्या भागात जाऊ लागल्या की मुलं घाबरतात. त्यांना हा हिशेब आधीच समजावलेला बरा.

तीन पोझिशनच्या सामन्यात एकच माणूस आधी गुडघ्यावर, मग प्रोन, मग उभा राहून प्रत्येकी वीस गोळ्या झाडतो. प्रोनमध्ये शरीर जमिनीवर आडवं, डोकं मानेच्या टोकाशी उचललेलं. इथे साइट खाली चालते, पण अगदी खाली नेली तर डोकं पुढे कोसळतं आणि डोळे पुन्हा भुवयांखालून पाहू लागतात. गुडघ्यावरची स्थिती या दोन्हींच्या मधली. म्हणून स्थिती बदलताना अनुभवी नेमबाज बटप्लेट, चीकपीस, हँडस्टॉप बदलताना दिसतात. त्यांचे आकडे वहीत लिहिलेले असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला शातोरूच्या रेंजवर याच प्रकारात 451.4 गुणांनी ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं. तेव्हापासून, मी आता शिकवते तिथे, मुलांची रीघ लागली आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हाही असंच झालं होतं. काळजी एकाच गोष्टीची वाटते. वडील मोबाइलवर विजेत्याचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "मॅडम, हिची रायफल अगदी अशीच लावून द्या." फोटोतल्या माणसाच्या मानेची लांबी, खांद्याचा उतार, गालाच्या हाडाची उंची, सगळंच वेगळं. तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर तो आकडा जशाचा तसा चढवणं तिच्यावर अन्याय आहे.

फील्ड टार्गेटमध्ये स्कोप पीपहूनही वर जातो. बसल्या स्थितीत धड उभं, रायफल खाली गुडघ्यावर, डोळा बराच वर. शिवाय तिथे स्कोपच्या बाजूचं मोठं चाक फिरवून, प्रतिमा स्पष्ट झाली की चाकावरच्या खुणेवरून अंतर ओळखतात. हे काम थकल्या डोळ्याने होत नाही. नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत सहा-सात सेंटिमीटर उंची तिथे नवलाची नाही. लोखंडी आकृत्यांच्या सिल्हूएट प्रकारात सगळं उभ्यानेच असतं, .22 ला 40 मीटरवर कोंबडी, 60 वर डुक्कर, 77 वर टर्की, 100 वर मेंढा. तिथेही उंची उभ्या डोक्याप्रमाणे ठरते. बेंचरेस्टमध्ये रायफल टेबलावरच्या पिशव्यांवर टेकलेली असते आणि माणूस खुर्चीवर. तिथे खालचा स्कोप चालतो, फक्त खुर्ची आणि टेबलाची उंची जुळवून घ्यावी. दहा मीटर रनिंग टार्गेटमध्ये सरकतं टार्गेट चार पटींच्या स्कोपने टिपायचं असतं. झटकन खांद्यावर घेताच डोळा स्कोपमागे आला पाहिजे, एवढंच तिथे पाहायचं. आणि ज्या रायफलींचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो, त्यांच्यावर साइट उंच असावीच लागते, कारण खांदा आणि डोळा यांच्यातलं अंतर कुठेतरी भरून काढायला हवं.

आता उंच स्कोपची किंमत. ती सांगितल्याशिवाय नुसतं 'उंच करा' म्हणणं अर्धवट ठरेल. नजरेची रेषा आणि नळीची रेषा यांत जितकं अंतर, तितकी जवळच्या टार्गेटवर गोळी खाली लागते. माझ्या इंग्लंडमधल्या रायफलीसारखी, सेकंदाला 240 मीटरच्या आसपास गोळी सोडणारी रायफल 30 मीटरवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी लावली, असं समजा. स्कोप 4 सेंटिमीटर उंच असेल तर 9 मीटरवर गोळी नेमाच्या सुमारे 9 मिलिमीटर खाली लागेल. स्कोप 7 सेंटिमीटर उंच असेल तर 30 मिलिमीटर खाली. पंधरा मिलिमीटरच्या भोकासमोर हा फरक फार मोठा आहे. उलट 50 मीटरवर उंच स्कोपवाल्याची गोळी सुमारे 9 सेंटिमीटर खाली आणि खालच्या स्कोपवाल्याची 11 सेंटिमीटर खाली. म्हणजे लांबवर उंच स्कोप थोडा उपकारकच. तात्पर्य, अंतरं बदलणार असतील तर दर दोन-तीन मीटरला कागदावर गोळ्या झाडून आपला तक्ता बनवा. एकाच अंतराच्या सामन्यात ही किंमत उरतच नाही, एकदा झिरो केलं की संपलं.

दुसरा आक्षेप रायफल कलण्याचा, म्हणजे कँटचा. 'उंच स्कोपने कँटची चूक वाढते' हे मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी कागदावर आकृती काढून बसले. रायफल नजरेच्या रेषेभोवती कलली तर, ज्या अंतरावर झिरो केली आहे त्या अंतरावर होणारी चूक स्कोपच्या उंचीवर अवलंबून नसते. गोळी तिथवर जाताना गुरुत्वाने किती खाली येते, त्यावर ती अवलंबून असते. दहा मीटरवर एअर रायफलची गोळी जेमतेम 17 मिलिमीटर खाली येते, म्हणून पाच अंश कललं तर ती दीड मिलिमीटर बाजूला जाते. दशांशाच्या गुणांत अर्ध्याहून जास्त गुण गेला. पन्नास मीटरवर .22 ची गोळी सुमारे 13 सेंटिमीटर खाली येते, तेच पाच अंश तिथे 11 मिलिमीटर होतात, म्हणजे एका रिंगेपेक्षा जास्त. आणि फील्ड टार्गेटमध्ये 50 मीटरवर तेवढ्याच कलण्याने गोळी 40 मिलिमीटरच्या भोकाबाहेर जाते. उंची गोत्यात आणते ती वेगळ्या ठिकाणी. झिरोच्या अंतराहून जवळ किंवा लांब, क्लिक न बदलता नेम धरला तर ती चूक वाढवते. आणि स्कोपच रिंगमध्ये वाकडा बसला असेल तर. सात सेंटिमीटर उंच स्कोप तीन अंश वाकडा असला तर नळी नजरेच्या रेषेपासून जवळजवळ 4 मिलिमीटर बाजूला राहते. मग झिरोवर सगळं ठीक, जवळ गोळ्या एका बाजूला आणि लांब दुसऱ्या बाजूला. असं दिसलं तर वाऱ्याला दोष देण्याआधी रिंग्ज पाहा. मुद्दाम थोडी कलती रायफल धरणारे उत्तम नेमबाज आहेत, त्यात चूक काही नाही. कलणं दर गोळीला तेवढंच असलं पाहिजे, एवढीच अट.

आणि आता या सगळ्याच्या विरुद्ध टोकाचं. ते मी अलीकडे जास्त पाहते. एक मुलगा, हुशार, अठरा-एकोणीस वर्षांचा. कुठल्यातरी व्हिडिओत फील्ड टार्गेटच्या रायफली पाहून त्याने आपल्या साध्या एअर रायफलीवर सगळ्यात उंच रिंग्ज बसवल्या. दस्ता जुना, चीकपीस नाही. डोकं सरळ झालं खरं, पण गाल दस्त्यापासून तीन बोटं वर, हवेत. जबड्याच्या टोकाने दस्ता कसाबसा दाबून तो नेम धरायचा. सगळे शॉट काळ्यात, पण ग्रुप पसरलेला, कारण सापडेना. त्याच्या स्कोपचा पॅरलॅक्स शंभर यार्डांसाठी बसवलेला, बदलता न येणारा. अशा स्कोपमागे डोळा मध्यापासून सरकला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतात. समोरचं भिंग 40 मिलिमीटरचं असेल, तर दहा मीटरवर ही चूक जास्तीत जास्त पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. गाल टेकलेला नसेल तर डोळा दर वेळी थोडा इकडे-तिकडे जाणारच. आम्ही फोमच्या पट्ट्या आणि कापडी टेप गुंडाळून तात्पुरतं चीकपीस बनवलं, डोळा मधोमध येईपर्यंत थर चढवत गेलो. ग्रुप त्याच दुपारी आवळला. त्याने नवीन काहीच विकत घेतलं नाही, याचं मला जास्त समाधान वाटलं.

स्कोप उंच करणं आणि गाल उंच करणं ही एकच कृती आहे. एक केलं आणि दुसरं राहिलं तर मानेचं दुखणं गेलं तरी ग्रुप जातो.

मापन करताना क्रम खालून वर जातो. आधी रायफल रिकामी आहे ना पाहा, बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग नळीत घाला. माप घेताना समोर कुणी नको. मग पाय, मग कंबर, मग खांदे. ज्या प्रकारात खेळता त्याच स्थितीत, सामन्याचं जॅकेट-पँट-बूट घालून, कारण जॅकेटने खांद्याची जागा बदलते. रायफल हातात न घेता समोर पाहा, दोन-तीन श्वास सोडा आणि डोकं कुठे थांबतं ते बघा. मग बटप्लेट अशी लावा की रायफल खांद्यात आली तरी डोकं तिथेच राहील. मग चीकपीस, गालाचं हाड वरून ओझ्याने नव्हे तर नुसतं विसावेल इतकं. सगळ्यात शेवटी साइट किंवा स्कोप, जिथे डोळा आहे तिथे. मागे-पुढेही बघा. स्कोपमध्ये सगळीकडे सारखं पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. बाजूने आणि समोरून फोटो काढून घ्या. आपलं डोकं कललं आहे हे आपल्याला स्वतःला कळत नाही, कारण ती सवय झालेली असते.

मग खरी कसोटी. डोळे मिटा, गाल उचला, पुन्हा टेकवा, डोळे उघडा. डोळा सरळ साइटच्या मध्यात आला तर ठीक. डोकं वर-खाली करून शोधावं लागलं तर नाही. आणि ही कसोटी पहिल्या पाच मिनिटांत घेऊ नका, चाळिसाव्या गोळीनंतर घ्या. ताजं असताना कुठलीही उंची बरी वाटते. हात थरथरायला लागल्यावर मान कुठे जाते, ते पाहा.

रिंग्ज कसताना दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून कसावेत, नाहीतर स्कोपची नळी पिळली जाते. स्प्रिंगवाल्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. अशा रायफलीवर एअर रायफलसाठीच बनवलेला स्कोप घ्या आणि मागे स्टॉपर लावा. साधा स्कोप तिथे सैल होतो किंवा आतून तुटतो, आणि उंच माउंटवर तो ताण अधिक येतो.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी पालकांना एक विनंती. मुलगी दोन इंच उंच झाली की तिच्या रायफलीचे सगळे आकडे जुने झाले. शाळेचा गणवेश दर वर्षी नवा शिवतोच, मग बटप्लेट आणि साइटही दर काही महिन्यांनी पुन्हा मोजून घ्यावी. आधीचे आकडे वहीत तारखेसकट राहू द्यावेत. मान, खांदा किंवा हाताला मुंग्या, यातलं काहीही मुलाने सांगितलं तर 'सवय होईल' म्हणू नका. त्या दिवशी सराव थांबवा, रायफल कोचकडे न्या आणि मुलाला डॉक्टरांकडे. रायफल पुन्हा मोजून आल्यावर पहिला आठवडा टार्गेटवर कागद लावूच नका. कोऱ्या भिंतीसमोर नुसता होल्ड घ्या, आणि बाजूला उभं राहून कुणीतरी फक्त मानेकडे लक्ष ठेवा.